वरचा मजला, पश्चिमेची खोली आणि दमलेला एसी

सावली

नमस्कार मंडळी. आम्ही धनकवडीत चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. इमारत नव्वदच्या दशकातली. माझे सासरे (आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो, वय ८१) दिवसभर ज्या खोलीत असतात ती पश्चिमेला आहे, साधारण बारा बाय बाराची. तिथे दीड टनाचा, तीन स्टारचा स्प्लिट एसी आहे. इन्व्हर्टर नाही, साधाच. सात वर्षं जुना.

एप्रिल सुरू झाल्यापासून तो पुरत नाही. दुपारी बाराला लावला तर दोनपर्यंत बरं असतं, मग खोली ३१-३२ वर अडकते. रिमोटवर १८ ठेवलं तरी फरक नाही. मधेच पंखा चालू राहतो पण हवा साधी येते, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा गार. रात्री अकरा वाजेपर्यंत हेच. पलंगावर उभं राहून छताला हात लावला तर रात्री नऊलासुद्धा ते गरम लागतं.

मार्चमध्ये एका सर्व्हिसवाल्याने "गॅस कमी झालाय" म्हणून भरून दिला. पंधरवडाभर बरं वाटलं, आता पुन्हा तेच. आता तोच माणूस म्हणतो, दोन टनाचा नवा घ्या.

नाना स्वतःहून उकडतंय असं कधीच म्हणत नाहीत. बीपीची गोळी चालू आहे, पाणी कमी पितात. काल दुपारी त्यांना दोनदा हाक मारली तेव्हा कुठे उत्तर दिलं, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. नवा घ्यायची तयारी आहे, पण घेऊनही हेच राहिलं तर? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

थंडावा

सावलीताई, नवा एसी आत्ता घेऊ नका. आधी हा का थकतोय ते बघू. मी याच धंद्यात आहे, आणि तुमचं वर्णन वाचून मला गॅसपेक्षा आउटडोअरचा, म्हणजे बाहेरच्या युनिटचा, संशय जास्त येतोय.

पंखा चालू, हवा साधी, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा गार, याचा सरळ अर्थ कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारी मोटर) ट्रिप होतोय, म्हणजे आपोआप बंद पडतोय. कॉम्प्रेसरला ओव्हरलोड नावाचा संरक्षक स्विच असतो. तो फार तापला की सुटतो, थंड झाला की पुन्हा जोडला जातो. सकाळी चालतो आणि दुपारी दोननंतर दम तोडतो म्हणजे बाहेरची उष्णता त्याला टाकता येत नाहीये. एसी गारवा तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. बाहेर टाकायची जागाच तापलेली असेल, किंवा कॉइलच्या पातळ पत्र्या धुळीने बुजल्या असतील, तर आतलं काही निघत नाही.

तेव्हा आधी या गोष्टी सांगा. आउटडोअर कुठे बसवलाय? गच्चीवर असेल तर कशावर? मागची बाजू भिंतीपासून किती लांब आहे? त्यावर सावली आहे का? आणि तांब्याच्या पाइपांवरचं काळं फोमचं आवरण शाबूत आहे का? पुण्यातल्या उन्हात ते चार-पाच वर्षांत भुगा होऊन गळून पडतं. मग गार पाइप उघड्यावर तापत राहतो आणि गारवा खोलीत पोचायच्या आधीच वाटेत जातो.

गॅसबद्दल एक सगळ्यांसाठीच लिहितो. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. गळती न शोधता नुसता भरून देणं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी. भरण्याआधी नायट्रोजनने दाब देऊन सांध्यांवर साबणाचा फेस लावून बघायचं असतं, विशेषतः फ्लेअर नटवर, म्हणजे पाइप जोडणाऱ्या नटवर. मग नळ्यांतली हवा पंपाने ओढून काढायची (व्हॅक्यूम) आणि नेमप्लेटवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच वजन करून भरायचा. "अंदाजाने" जास्त भरला तरी दाब वाढून उन्हाळ्यात कॉम्प्रेसर ट्रिपच होतो. मार्चमध्ये तुमच्याकडे वजनकाटा आणला होता का, आठवून बघा.

सावली

काटा नव्हता. एक सिलिंडर आणि गेज, एवढंच आणलं होतं.

आउटडोअर गच्चीवर आहे. आत्ताच वर जाऊन पाहून आले. गेल्या वर्षी गळतीसाठी सोसायटीने गच्चीवर डांबरी शीट टाकून घेतली, पूर्ण काळी. त्यावर चार विटा आणि विटांवर युनिट. पाठ पॅरापेटच्या भिंतीपासून वीतभर. सावली अजिबात नाही. पाइपावरचं आवरण दोन-तीन हात लांबीचं गेलेलंच आहे, हात लावला तर काळी भुकटी हाताला लागते. मागच्या जाळीत कबुतराची पिसं आणि काड्या अडकल्या आहेत.

थंडावा

मग उत्तर बरंचसं तुमच्या हातातच आहे.

कंपन्या जी क्षमता छापतात ती बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश धरून मोजलेली असते. दीड टन म्हणजे साधारण ५.२ किलोवॅट उष्णता बाहेर फेकण्याची ताकद, पण ती ३५ ला. बाहेर पारा ४१ असला तरी काळ्या शीटच्या वीतभर वरची हवा त्याहून कितीतरी तापलेली असते, आणि तुमचा आउटडोअर तीच ओढतोय. त्यात मागून हवा येण्याची वाट भिंतीने आणि पिसांनी अडवलेली.

१. युनिट फूटभर उंच लोखंडी स्टँडवर घ्या, भिंतीपासून निदान फूटभर पुढे.
२. कॉइल पाण्याने धुऊन घ्या, पण फवारा सरळ आणि हलका. पत्र्या वाकल्या तर उलट नुकसान.
३. पाइपाला नवं आवरण आणि वरून उन्हाची टेप.
४. कॅपॅसिटर मोजून घ्या. फुगला असेल किंवा मायक्रोफॅरड (त्याची क्षमता) उतरले असतील तर बदला, तो स्वस्त भाग आहे. कॅपॅसिटर कमजोर झाला की कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि तापतो.
५. मेकॅनिकला करंट मोजणारं क्लॅम्प मीटर लावायला सांगा. अशा एसीने साधारण ७-८ अँपिअर घ्यायला हवेत.

आतल्या युनिटचं तोंड आणि वरची जाळी इथलं तापमान साध्या थर्मामीटरने घ्या. खोलीतून आत जाणारी हवा आणि बाहेर येणारी हवा यांत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर मशीन आपलं काम करतंय.

आणि १८ वर ठेवून खोली लवकर गार होत नाही. साधा एसी २४ ला जेवढ्या जोराने चालतो तेवढ्याच जोराने १८ ला चालतो, फक्त थांबत नाही. २५ ठेवून वर छताचा पंखा हळू लावा. स्टारवाल्या एसींमध्ये २४ अंश हीच सुरुवातीची सेटिंग असावी असा नियम जानेवारी २०२० पासून आहे, आणि एकेक अंश वर ठेवल्याने सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

पाखरू

कबुतरांचं अगदी खरं. आमच्या बाणेरच्या डक्टमध्ये तर आउटडोअरखाली घरटं होतं, पिल्लं मोठी होईपर्यंत थांबावं लागलं. नंतर जाळी लावताना लक्षात ठेवा, बारीक जाळी थेट कॉइलला चिकटवू नका. तिच्यात धूळ बसते आणि हवा पुन्हा अडते. मोठ्या भोकांची घ्या आणि कॉइलपासून हातभर दूर लावा.

गच्चीवर

थंडावा यांनी मशीनचं सांगितलं, ते सगळं करा. पण सावलीताई, मी वास्तुरचनेचं काम करतो आणि माझ्या मते तुमचा खरा प्रश्न ती काळी शीट आहे.

तुमच्या खोलीवरचा स्लॅब साधारण १३-१४ चौरस मीटरचा. उघडा, खाली-वर काही आवरण नाही. एप्रिलच्या दुपारी काळ्या पृष्ठभागाचं तापमान ६५ च्याही पुढे जातं. ढोबळ हिशेब केला तर एवढ्या स्लॅबमधून दीड ते दोन किलोवॅट उष्णता तुमच्या खोलीत उतरते. म्हणजे तुमच्या ५.२ किलोवॅटच्या एसीतला तिसरा हिस्सा नुसत्या छताशी झुंजण्यात जातोय. ताकदीने हा एसी आधीच घटलेला, त्यात पश्चिमेची भिंत आणि खिडकी. दोन टनाचा घेतलात तरी तो त्याच छताशी भांडेल, फक्त बिल जास्त येईल.

आणि काँक्रीट लगेच तापत नाही, लगेच निवतही नाही. दुपारी वर पडलेलं ऊन काही तासांनी खाली पोचतं. म्हणून रात्री नऊला छत गरम लागतं, बाहेर वारा सुटलेला असतानासुद्धा. नाना त्या छताखाली झोपतात. हवा २८ असली तरी डोक्यावरचा स्लॅब अंगावर उष्णता फेकतच असतो. थर्मामीटर हवेचं तापमान दाखवतो, छताची ती धग त्यात दिसत नाही.

उपाय साधा आहे, गच्ची पांढरी करा. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत फार माणसं गेली, त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठीचा कृती आराखडा केला. पुढे तिथे गरीब वस्त्यांमधली छतं पांढरी करण्याचं कामही हाती घेतलं. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच जाहीर केलं. पांढऱ्या छताने आतलं तापमान २ ते ५ अंशांनी उतरतं असा अनुभव आहे. सर्वात वरच्या मजल्याला तर याच्याइतकं स्वस्त काहीच नाही.

खिडकीचं एक राहिलं. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत येऊन मग पडद्यावर पडतं, उष्णता घरातच राहते. बाहेरून बांबूची चिक किंवा हिरवी शेडनेट सोडा. ऊन काचेपर्यंत पोचूच नये.

शुक्रवारपेठ

माझं बालपण वाड्यात गेलं. हात-दीड हात जाडीच्या भिंती, वर माळा, मधे चौक. माळ्यावर कोणी झोपत नसे, तिथे तांदळाच्या कणग्या आणि जुनी भांडी. ती अडगळ म्हणजे खरं तर खालच्या खोल्यांवरचं पांघरूण होतं. कौलं तापायची, पण ती धग माळ्यावरच मुरायची. सकाळी नऊला आजी खिडक्यांची दारं लावून घ्यायची आणि संध्याकाळी चौकात पाणी मारलं की सताड उघडायची. हा क्रम कोणी मोडलेला तिला खपत नसे.

ती शिस्त सावलीताईंच्या फ्लॅटमध्येही चालेल. पुण्याला अजून एक देणगी शाबूत आहे, संध्याकाळचा पश्चिमेचा वारा. घाटावरून येतो, पाच-सहाच्या सुमाराला कळतो. तो सुटला आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की एसी बंद करून समोरासमोरच्या खिडक्या उघडा, एका खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून ठेवा. आतली कोंडलेली उष्णता तासाभरात निघते. पहाटे चार ते सहा पुन्हा उघडा. भिंतीच निवल्या तर दुसऱ्या दिवशी एसीला सोपं जातं.

लोक म्हणतात पुण्यात असं ऊन पूर्वी नव्हतं. शिवाजीनगरच्या वेधशाळेचा विक्रम ३० एप्रिल १८९७ चा आहे, ४३.३ अंश. २८ एप्रिल २०१९ ला ४३ झालं. तेव्हा कडक दुपारी जुन्याच. बदलल्या आहेत त्या रात्री, असं मला मनापासून वाटतं. सकाळच्या बातम्यांत किमान तापमान बघत जा. कोरेगाव पार्क, मगरपट्टा कितीतरी वर, पाषाण खाली. शहर तेच, वाराही तोच. काँक्रीट आणि झाडं यांचाच काय तो फरक. टेकड्यांसाठी माणसं भांडतात तेव्हा ती आपल्या सगळ्यांच्या झोपेसाठी भांडत असतात.

उन्हाळी

सरळ कूलर का घेत नाही? एसीच्या मानाने वीज काहीच नाही, हवाही खेळती. आमच्याकडे वाळ्याच्या पॅडचा आहे, खोलीभर वास दरवळतो.

थंडावा

उन्हाळी, एप्रिलसाठी तुमचं बरोबर आहे. ४० अंश आणि आर्द्रता वीसच्या आसपास असली की चांगला कूलर २६-२७ ची हवा देतो. पण वळीव पडला, आर्द्रता साठवर गेली, की तोच कूलर ३४ अंशांच्या दिवशी २८-२९ ची ओली हवा फेकतो. घाम वाळत नाही, माणूस आणखी कासावीस होतो. मे संपता संपता पुण्यात हे हमखास होतं. शिवाय कूलरला खिडकी उघडी लागते आणि एसीला बंद. दोन्ही एका खोलीत एकदम लावू नका, कूलरने आणलेला दमटपणा काढण्यातच एसी खर्ची पडतो.

उन्हाळी

एकत्र लावू नये हे मान्य. पण वीज जाते तेव्हा? छोट्या इन्व्हर्टर-बॅटरीवर एसी चालत नाही, कूलर चालतो. वृद्ध माणूस घरात असेल तर निव्वळ एसीवर भिस्त ठेवणं मला पटत नाही. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असली की दुपारभर करायचं काय?

थंडावा

हा मुद्दा मात्र सोळा आणे खरा. दुसरा पर्याय हाताशी हवाच.

ओपीडी

मी डॉक्टर आहे. धागा एसीचा आहे, पण सावलीताईंनी लिहिलेलं "दोनदा हाक मारली तेव्हा उत्तर दिलं" हे वाक्य मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितो.

वयाबरोबर तहान लागण्याची जाणीव मंदावते. नाना पाणी मागत नाहीत तो हट्ट नाही, त्यांना खरोखर तहान कळत नसेल. घामही कमी येतो. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, काही हृदयाची गती धरून ठेवतात. उन्हाळ्यात या दोन्ही प्रकारांनी शरीराची उष्णतेशी जुळवून घेण्याची ताकद कमी होते. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. पण या आठवड्यातच त्यांच्या डॉक्टरांना दाखवून बीपी उभं राहून आणि बसून मोजून घ्या, डोस कमी करायचा का ते विचारा. दिवसाला पाणी किती द्यायचं हेही विचारा. हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना "भरपूर पाणी प्या" हा सल्ला सरसकट लागू नसतो.

त्यांना "पाणी हवंय का" असं विचारू नका, उत्तर "नको" येणारच. दर तासाला अर्धा पेला हातात द्या. ताक, कोकम, पन्हं, जे आवडेल ते. घरी जलसंजीवनी करायची तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा लहान, चहाचा. बीपी आणि साखरेच्या रुग्णांनी तीही विचारूनच घ्यावी.

खोली ३५ च्या वर गेली तर कोरड्या अंगावर नुसता पंखा लावून भागत नाही, तो तापलेलीच हवा अंगावर आणतो. ओल्या पंचाने हातपाय, मान, पाठ पुसा आणि मग पंखा. घरात वृद्ध माणूस असताना एसी नसला तरी एवढं प्रत्येकाला जमण्यासारखं आहे.

आता धोक्याची खूण. बरळणं, नेहमीपेक्षा गुंगीत असणं, चालताना झोक जाणं, उलट्या, फिट, ४० अंश सेल्सिअसच्या (१०४ फॅरनहाइटच्या) वर ताप. घाम थांबलाच पाहिजे असं नाही, घाम असतानाही उष्माघात होतो. अशा वेळी १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नका. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, मान, काखा आणि जांघेत गार फडकी ठेवा, पंखा लावा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, कारण हा ताप जंतूंचा नाही.

हवामान खातं सपाट प्रदेशात उष्णतेची लाट तेव्हा जाहीर करतं जेव्हा कमाल तापमान ४० गाठतं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर जातं. तुमच्या पश्चिमेच्या खोलीत ती लाट कितीतरी आधी येते. इशाऱ्याची वाट बघू नका.

सावली

डॉक्टर, मनापासून आभार. उद्याचीच वेळ घेतली आहे.

वायरमन

अजून कोणी व्होल्टेज विचारलं नाही. जुनी इमारत, नव्वदच्या दशकातलं वायरिंग, तेव्हा प्रत्येक घरात एसी धरलेलाच नव्हता. संध्याकाळी आठ ते अकरा मीटर लावून बघा. २३० च्या जागी १८०-१९० मिळत असेल तर साधा कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो आणि ट्रिप होतो. स्टॅबिलायझर दीड टनाला ४ केव्हीएचा लागतो. एसीची वायर थेट बोर्डातून वेगळी आलेली हवी, गीझरच्या किंवा हॉलच्या प्लगवरून जोडून घेतलेली नको. प्लग काढून हात लावा. गरम लागला किंवा पिवळा पडला असेल तर आजच बंद करा, आगी अशाच लागतात.

शेजारच्या घरातही व्होल्टेज कमी असेल तर प्रश्न बाहेरचा आहे. मग एकट्याने नाही, सोसायटीच्या लेटरहेडवर लेखी द्या. फेज बदलून किंवा भार वाटून बरेचदा सुटतं.

ओसरी

दोन दिवस वाचतेय. सगळं उपयोगाचं आहे, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी जनता वसाहतीत राहतात. वर पत्रा. दुपारी घरी जाऊन पडताच येत नाही म्हणून त्या आमच्या जिन्यात बसायच्या, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं. आपले आउटडोअर जी उष्णता बाहेर फेकतात ती कुठे तरी जातेच, आणि ज्यांच्याकडे एसी नाही त्यांच्या वाट्याला जास्त जाते.

गच्चीवर यांना विचारायचं होतं, पत्र्याला काय करता येईल? चुना चालेल का?

गच्चीवर

ओसरीताई, चालेल, आणि पत्र्याला तर फरक लगेच कळतो, कारण पत्रा पातळ, त्यात उष्णता साठत नाही. पत्रा घासून धुऊन घ्या. भिजवलेला चुना गाळून त्यात बांधकामाचा पांढरा डिंक मिसळा म्हणजे भुकटी उडत नाही. दोन हात मारा, दुसरा पहिल्याला आडवा. पावसाने धुपतो, दर वर्षी चैत्रात करावं लागतं. जमत असेल तर पांढरा कूलरूफ रंग, तो काही वर्षं टिकतो. आतून पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूची चटई किंवा जुनी तट्टी बांधा. पत्रा आणि तट्टीच्या मधली हवा दोन्ही बाजूंनी खेळती राहिली पाहिजे. थर्माकोल सुचवत नाही, वायरिंगजवळ पेट घेतो.

ओसरी

धन्यवाद. मावशींना विचारलं, त्या तयार आहेत. त्यांच्या ओळीतली आणखी घरंही करायची म्हणतायत. आमच्या बिल्डिंगमधून वर्गणी काढतोय. अक्षय्य तृतीयेला माठ देतोच आपण, यंदा त्यात चुन्याची भर. तोवर जिन्याऐवजी दुपारी आमच्या हॉलमध्ये पंख्याखाली पडा म्हणून सांगितलंय.

सावली

सगळ्यांना कळवायचं होतं, आता थोडी फुरसत मिळाली.

आधी नाना. डॉक्टरांनी एक गोळी अर्धी केली. सोडियम थोडं कमी निघालं होतं. आता त्यांच्या उशाशी घड्याळ आणि तांब्या, आणि माझा मुलगा दर तासाला पेला घेऊन हजर. बोलण्यात पूर्वीसारखी धार आली आहे. काल पेपरातल्या बातमीवरून माझ्याशी तावातावाने वाद घातला, मला इतकं बरं वाटलं.

एसीसाठी दुसरा मेकॅनिक बोलावला. कॉइल धुतली तेव्हा चिखलासारखं पाणी निघालं. कॅपॅसिटर ३५ मायक्रोफॅरडचा, भरला २६. बदलला. गॅस जास्त भरलेला होता, त्याने आधी सगळा काढून घेतला, दाब देऊन तपासलं तर एका फ्लेअर नटपाशी फेस आला. तो सांधा नवा केला आणि वजन करून भरला. स्टँड, पाइपाचं आवरण, दोन्ही झालं. आता ७.४ अँपिअर घेतो. व्होल्टेज रात्री १९५ मिळत होतं, स्टॅबिलायझर घेतला, सोसायटीचं पत्रही दिलं आहे.

एवढं झाल्यावर दुपारी तीनला खोली २८ वर आली. बाहेरून चिक सोडल्यावर २७. गच्चीचं अजून व्हायचंय. कमिटीत दोघांचं म्हणणं, "शीटची गॅरंटी जाईल". मी आमच्या आणि शेजारच्या छतापुरतं करायची परवानगी मागितली आहे. गच्चीवर, तुम्ही चुन्याचं लिहिलंत ते डांबरी शीटवर चालेल का? आणि गॅरंटीचं काय?

गच्चीवर

डांबरावर चुना धरत नाही, आठवड्यात पापुद्रे निघतील. तुमच्यासाठी पांढरं इलॅस्टोमेरिक (रबरासारखं ताणलं जाणारं) कोटिंग, पण डांबरावर बसणारा प्रायमर आधी हवा, नाहीतर खालून तेलकट पिवळे डाग वर येतात. दुकानात "बिट्युमिन शीटवर लावायचंय" असं स्पष्ट सांगा. गॅरंटीसाठी शीट टाकलेल्या ठेकेदाराकडूनच कोणतं कोटिंग चालेल ते लेखी घ्या. खरं तर पांढऱ्या थराने शीटचं आयुष्य वाढतं, ती उन्हानेच फुटते. हे कमिटीला सांगून बघा, पटेल.

काम सकाळी लवकर, शीट तापायच्या आत. दोन हात, मधे एक दिवस. आउटडोअरखालचा भाग विसरू नका, स्टँड हलवून तिथेही मारा.

पाखरू

आमची गच्ची पण करायची आहे. वळवाआधी उरकावं का पावसाळ्यानंतर?

गच्चीवर

वळवाआधी. शेवटच्या हातानंतर निदान दोन कोरडे दिवस मिळाले पाहिजेत, तेव्हा आभाळ बघून सुरू करा. सावलीताई, प्रायमर मिळाला की इथे सांगा, किती चौरस फुटाला किती लिटर लागेल ते काढून देतो.